काचेच्या पेटीतील समुद्र आणि मिठाचा हिशेब

कडोदरा हे काही समुद्रकाठचे गाव नव्हे. मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि सुरत-बारडोली रस्ता जेथे एकमेकांना छेदतात, त्या चार रस्त्याभोवती वाढलेली ही वसाहत. डाईंग-प्रिंटिंगच्या गिरण्या, मालमोटारींची अखंड रांग आणि सुरत-भुसावळ लोहमार्गाने नंदुरबार, अमळनेर, जळगावकडून पोटापाण्यासाठी येऊन स्थिरावलेली खान्देशी कुटुंबे, हे येथील नित्याचे दृश्य. अशा गावी दवाखान्याच्या प्रतीक्षाकक्षात दोनशे लिटर खाऱ्या पाण्याची पेटी ठेवावी आणि तीत जिवंत प्रवाळ वाढवावेत, हा छंद प्रथमदर्शनी विक्षिप्तपणाचाच वाटेल. तथापि गेल्या काही वर्षांत आपल्या व्यवसायबंधूंपैकी अनेकांनी या पेटीविषयी माझ्याकडे चौकशी केली, काहींनी स्वतःही तसा प्रयत्न केला आणि बहुतेकांचा प्रयत्न एकाच कारणाने फसला. ते कारण म्हणजे पाण्याची क्षारता. म्हणूनच या वर्षीच्या स्मरणिकेसाठी नेहमीचा वैद्यकीय विषय बाजूला ठेवून या विषयावर चार शब्द लिहावेत, असे ठरविले. लिहिता लिहिता लक्षात आले की, विषय वैद्यकाच्या बाहेरचा नाहीच. जे शास्त्र आपण सलाईनच्या बाटलीजवळ उभे राहून शिकलो, तेच येथेही लागू पडते.

मिठाशी आपले नाते

आपण ज्या भूमीवर राहतो तिचे आणि मिठाचे नाते जुने आहे. ६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी ज्या दांडीच्या किनाऱ्यावर मूठभर मीठ उचलले, तो किनारा येथून फार दूर नाही. त्याच वर्षीच्या मे महिन्यात धरासणा येथील मिठागरावर सत्याग्रहींनी लाठ्या झेलल्या, तेही दक्षिण गुजरातेतच. समुद्राचे पाणी उन्हात आटविले की पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते, हे या किनाऱ्यावरील अगरिया पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. घरातील सागरी पेटी राखणाऱ्याला जे पहिले सूत्र पाठ करावे लागते तेही हेच: पाणी जाते, मीठ राहते. या चार शब्दांचा विसर पडला म्हणून जितके जीव दगावले असतील, तितके रोगाने क्वचितच दगावले असतील.

समुद्राच्या पाण्याची क्षारता सरासरी ३५ दरहजारी असते, म्हणजे एक किलोग्रॅम पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार. मात्र सर्व समुद्र सारखे खारे नसतात. अरबी समुद्राचे पृष्ठजल साधारण ३६ च्या आसपास असते. गंगा-ब्रह्मपुत्रेसारख्या नद्या गोडे पाणी आणून ओतत असल्यामुळे बंगालचा उपसागर त्याहून कमी खारा. तांबडा समुद्र ४० च्या घरात जातो. आपल्या गुजरातेतच दोन टोके पाहावयास मिळतात. खंभातच्या आखातात तापी, नर्मदा, मही या नद्या पावसाळ्यात पूर आणतात, भरती-ओहोटीचा पल्ला प्रचंड असतो आणि पाणी गाळाने गढूळ राहते. कच्छच्या आखातात मात्र पाऊस तुटपुंजा आणि बाष्पीभवन अधिक. त्यामुळे तेथील पाणी खुल्या समुद्रापेक्षाही खारट होते आणि तरीही जामनगरजवळच्या पिरोटन बेटाच्या आसपास प्रवाळ टिकून आहेत. १९८२ साली तेथे सागरी राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. ओहोटीच्या वेळी गुडघाभर पाण्यात चालत प्रवाळ पाहण्याचा योग ज्यांना आला असेल, त्यांना ते दृश्य विसरता येणार नाही.

यावरून एक महत्त्वाचा बोध होतो. प्रवाळाला ३५ हा आकडाच पाहिजे असे नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीने तो ३८ वा ४० देखील सोसतो. त्याला सोसत नाही तो आकस्मिक बदल. हवाई बेटांतील कानेओहे उपसागरात १९६५ साली आणि पुन्हा १९८७-८८ च्या सुमारास अतिवृष्टीमुळे गोड्या पाण्याचा थर समुद्रावर पसरला, तेव्हा पृष्ठभागालगतचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर मरून गेले. खालच्या थरातील, जेथे क्षारता फारशी बदलली नाही, ते वाचले. निसर्गाने केलेला हा प्रयोग आपल्या पेटीलाही तंतोतंत लागू आहे.

मासा, प्रवाळ आणि आपण

आपल्या रक्तद्रवाची परासारकता सुमारे २९० मिलिऑस्मोल, नॉर्मल सलाईनची ३०८ आणि समुद्राच्या पाण्याची हजाराच्या आसपास. आपल्या रक्तात सोडियम १४० मिलिमोल, तर समुद्रात सुमारे ४७०. म्हणूनच तहानलेल्या खलाशाने समुद्राचे पाणी प्यायले तर त्याची तहान भागत नाही. उलट त्याचे शरीर अधिकच कोरडे पडते. मग माशाचे कसे चालते?

सागरी अस्थिमत्स्यांचे रक्त समुद्राच्या जेमतेम एक तृतीयांश खारे असते. म्हणजे मासा पाण्यात राहूनही सतत निर्जलीकरणाच्या छायेत असतो. त्याच्या शरीरातील पाणी कल्ल्यांवाटे बाहेर ओढले जाते. ही तूट भरून काढण्यासाठी तो समुद्राचे पाणी पितो आणि त्यासोबत आलेले जादा मीठ बाहेर टाकतो. मूत्रपिंडाच्या शरीरक्रियाशास्त्रातील थोर नाव होमर स्मिथ यांनी १९३० साली हे पाणी पिण्याचे कोडे उलगडले. त्यांचे ‘फ्रॉम फिश टू फिलॉसॉफर’ (१९५३) हे पुस्तक आपल्यापैकी काहींनी विद्यार्थिदशेत चाळलेही असेल. कल्ल्यांतील मीठ बाहेर टाकणाऱ्या पेशींचे वर्णन १९३२ साली अॅन्सेल कीज आणि विल्मर यांनी केले. हे तेच कीज, ज्यांचे नाव पुढे आहारातील स्निग्धांश आणि हृदयविकार यांच्या संबंधाशी कायमचे जोडले गेले. माशाचा अभ्यास करणारा संशोधक हृदयरोगाच्या इतिहासात स्थान मिळवतो, हाही एक योगायोगच.

मासा अशा रीतीने आपले आंतरिक वातावरण स्वतः राखतो. म्हणून क्षारतेतील थोडाफार चढउतार तो निभावून नेतो. प्रवाळ, तारामासा, समुद्री साळिंदर यांची गोष्ट वेगळी. त्यांच्याजवळ मूत्रपिंड नाही, मीठ बाहेर टाकणारे कल्ले नाहीत. बाहेरच्या पाण्याची जी परासारकता, जवळजवळ तीच त्यांच्या शरीरद्रवाची. बाहेरचे पाणी बदलले की त्यांच्या पेशी लगेच फुगतात किंवा आक्रसतात. कोळंबीवर्गीय प्राण्यांची क्षमता जातीजातींत भिन्न असली, तरी प्रवाळखडकांत राहणारी कोळंबी स्थिर पाण्याचीच सवय असलेली. पेटीतील मासे आनंदाने पोहत आहेत आणि तारामासा मात्र विरघळल्यासारखा गळत चालला आहे, असे विपरीत दृश्य त्यामुळेच दिसते. रुग्णाची नाडी ठीक आहे म्हणून त्याचे सोडियम ठीक असेलच, असे आपण मानत नाही. तसेच हे आहे.

एक चूक, जी सांगितलीच पाहिजे

येथे एक प्रसंग नमूद करणे मला भाग आहे. एका दिवाळीत आम्ही आठ दिवसांसाठी गावी गेलो होतो. दवाखान्यातील मदतनिसाला मी सांगून गेलो, “पाणी खुणेच्या खाली गेले की पिंपातले पाणी भरत जा.” पिंपे दोन होती. एकात आर. ओ. चे शुद्ध पाणी, दुसऱ्यात पाणी बदलण्यासाठी तयार केलेले खारे पाणी. त्या बिचाऱ्याने विचार केला की, समुद्राचे पाणी कमी झाले आहे, तर समुद्राचेच पाणी घातले पाहिजे. त्याच्या जागी दुसरा कोणीही सुज्ञ मनुष्य असता तर त्यानेही हाच विचार केला असता. पिंपांवर चिठ्ठी लावण्याचे काम माझे होते आणि ते मी केले नव्हते.

दररोज सुमारे तीन लिटर पाण्याची वाफ होत होती. आठ दिवसांत चोवीस लिटर खारे पाणी भरले गेले, म्हणजे ८४० ग्रॅम मीठ अधिक झाले. दोनशे लिटरच्या पेटीत मूळ ७००० ग्रॅम मीठ होते, ते ७८४० झाले. क्षारता ३५ वरून ३९.२ वर गेली. आठ दिवसांत हळूहळू झालेली ही वाढ जीवांनी सोसली होती. प्रवाळ थोडे मिटलेले होते इतकेच. मृत्यू एकही नव्हता.

खरी चूक त्यानंतर घडली आणि ती माझी. परत आलो त्या रात्री मापन केले, आकडा पाहून घाबरलो आणि हिशेब मांडला की, एकवीस-बावीस लिटर पाणी काढून तितकेच शुद्ध पाणी घातले की ३५ येते. अर्ध्या तासात मी ते करून टाकले. आकडा ३५ आला. दुसऱ्या दिवशी सकाळी सफाई करणारी कोळंबी मरून पडलेली होती. तारामाशाच्या भुजा तिसऱ्या दिवशी गळू लागल्या. मऊ प्रवाळ दहा दिवस उघडले नाहीत. विदूषक मासे तेवढे वाचले.

तीव्र हायपरनेट्रेमियाचा रुग्ण आला, तर दीर्घकाळ चढत गेलेले सोडियम चोवीस तासांत दहा-बारा मिलिमोलहून अधिक उतरवू नये. तसेच दीर्घकालीन हायपोनेट्रेमियात सोडियम घाईने वाढविले तर मेंदूतील मायलिनचा ऱ्हास होतो, हे आपण साऱ्यांनी पाठ केलेले आहे. हाताखालच्या मुलांना मी ते अनेकदा बजावले आहे. पण स्वतःच्या दवाखान्यातील पेटीपुढे उभा असताना मला त्याचे स्मरण राहिले नाही. मी रुग्णावर नव्हे, आकड्यावर उपचार केले. लहानशा कोळंबीच्या मृत्यूने दिलेला हा धडा नंतर खाटेवरील रुग्णांपाशी उभे राहताना मला पुष्कळदा उपयोगी पडला आहे. म्हणून तो येथे संकोच न बाळगता लिहिला.

मापनाची साधने

क्षारता मोजण्याची तीन साधने प्रचलित आहेत आणि त्यांपैकी दोन आपल्या परिचयाची आहेत. पहिले हायड्रोमीटर, म्हणजे आपल्या प्रयोगशाळेतील युरिनोमीटरचाच भाऊ. ३५ दरहजारीच्या पाण्याचे विशिष्ट गुरुत्व २५ अंश सेल्सिअसला १.०२६४ असते. म्हणजे चांगल्या संहत लघवीइतके. युरिनोमीटरच्या बाबतीत आपण शिकलो की, ज्या तापमानाला उपकरण प्रमाणित केलेले आहे त्याहून दर तीन अंश अधिक तापमानाला ०.००१ मिळवावे. तोच नियम येथेही जवळपास लागू पडतो. पंधरा अंशाला प्रमाणित केलेला हायड्रोमीटर सत्तावीस अंशाच्या पाण्यात बुडविला आणि वाचन तसेच धरले, तर आपण ०.००४ ने कमी मोजतो. मग क्षारता कमी आहे असे समजून मीठ वाढवितो आणि पेटी चाळिशीत नेऊन ठेवतो. त्यामुळे उपकरणावर कोणते तापमान छापले आहे ते आधी वाचावे. काट्याच्या प्लॅस्टिक हायड्रोमीटरला हवेचे बुडबुडे चिकटतात व मिठाचा थर बसतो. तो प्रत्येक वेळी शुद्ध पाण्याने धुवावा.

दुसरे साधन रिफ्रॅक्टोमीटर. दोन थेंब पाणी, उजेडाकडे धरून पाहावयाचे आणि काम झाले. परंतु येथे एक सूक्ष्म खोच आहे. बाजारातील पुष्कळशी उपकरणे साध्या मिठाच्या द्रावणासाठी बनविलेली असतात. समुद्राच्या पाण्यात इतर क्षारही असल्याने त्याचा अपवर्तनांक किंचित वेगळा असतो. ३५ दरहजारीचे समुद्रजल अशा उपकरणावर ३६.५ दाखविते. समुद्रजलासाठी बनविलेले उपकरण घेतले तरीही ते केवळ शुद्ध पाण्याने शून्यावर आणून भागत नाही, कारण शून्याशी बरोबर असलेले उपकरण पस्तिसापाशी चुकू शकते. त्यासाठी घरच्या घरी प्रमाणद्रावण करता येते. ३.६५ ग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराइड आणि ९६.३५ ग्रॅम शुद्ध पाणी यांच्या द्रावणाचा अपवर्तनांक ३५ दरहजारीच्या समुद्रजलाइतकाच असतो. आपल्याकडे औषधशाळेचे तराजू उपलब्ध असल्याने हे काम अवघड नाही. नॉर्मल सलाईनची न उघडलेली बाटलीही ढोबळ पडताळ्यासाठी चालेल. तिचे वाचन साधारण आठ-नऊच्या दरम्यान यावयास पाहिजे. मात्र तेवढ्यावर उपकरण जुळवू नये.

तिसरे साधन विद्युतवाहकतामापक. ३५ दरहजारीच्या पाण्याची वाहकता २५ अंशाला सुमारे ५३ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर असते. साधन नेमके, पण त्याची शलाका वारंवार स्वच्छ करावी लागते. कोणतेही साधन वापरा. परंतु एकच साधन, एकच वेळ आणि एकच वही ठेवा. मधुमेहाच्या रुग्णाकडून आपण जी शिस्त अपेक्षितो, तीच.

मीठ म्हणजे केवळ मीठ नव्हे

‘किराणा दुकानातले मीठ घातले तर चालेल का?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर सिडने रिंगर यांनी १८८२-८३ साली दिले आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ते बेडकाचे हृदय मिठाच्या द्रावणात ठेवून त्याचे स्पंदन पाहत होते. हृदय उत्तम चालले. पुढे लक्षात आले की, ते द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाच्या पाण्यात बनविले गेले होते. ऊर्ध्वपातित पाणी वापरताच स्पंदन मंदावून थांबू लागले. नळाच्या पाण्यातील कॅल्शियमने ते हृदय चालविले होते. या प्रसंगातूनच रिंगर द्रावण जन्मास आले आणि १९३२ साली अॅलेक्सिस हार्टमन यांनी त्यात लॅक्टेट मिळवून आपल्या नित्याच्या बाटलीला रूप दिले.

समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यात क्लोराइड सुमारे १९.४ ग्रॅम, सोडियम १०.८, सल्फेट २.७, मॅग्नेशियम १.३, कॅल्शियम ०.४१ आणि पोटॅशियम ०.४० ग्रॅम असते. ‘चॅलेंजर’ जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगप्रदक्षिणा करून आणलेल्या नमुन्यांपैकी ७७ नमुन्यांचे विश्लेषण विल्यम डिटमार यांनी केले आणि १८८४ साली दाखवून दिले की, पाणी कमी खारे असो वा अधिक, या घटकांचे परस्परप्रमाण जवळजवळ स्थिर असते. घरगुती मिठात सोडियम क्लोराइडच तेवढे. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम नाही, उलट आयोडीन व गुठळ्या न होऊ देणारी द्रव्ये मिसळलेली. डुमस वा हजिऱ्याच्या किनाऱ्यावरून पाणी आणावे, तर ते गढूळ, पावसाळ्यात पातळ झालेले आणि नाना प्रकारच्या सांडपाण्याने दूषित. तेव्हा सागरी पेटीसाठीच बनविलेले कृत्रिम समुद्रमीठ हाच मार्ग. त्यात स्फटिकजल असल्यामुळे एका लिटरला ३५ ऐवजी ३८ ग्रॅमच्या आसपास घालावे लागते. अंतिम निर्णय तराजूवर नव्हे, मापकावर करावा.

पाणीही शुद्ध असावे. आपल्या भागातील कूपनलिकांचे पाणी जड आहे आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. घरगुती आर. ओ. चे पाणी पिण्यास योग्य असले तरी त्यात काही क्षार उरतातच, कित्येक यंत्रांत तर ते चवीसाठी मुद्दाम मिसळलेले असतात. म्हणून त्यापुढे डीआयोनायझेशनचे रेझिन जोडून टी. डी. एस. शून्यावर आणावे. मीठ स्वतंत्र पिंपात, पंप फिरवीत, आदल्या दिवशी विरघळवावे. पेटीत कोरडे मीठ कधीही टाकू नये. प्रवाळावर पडलेला एक खडा तेथील मांस जाळून टाकतो.

याच डिटमारच्या नियमातून आणखी एक व्यवहारोपयोगी गोष्ट निघते. क्षारता ३० वर घसरली असेल, तर कॅल्शियमही ४१२ वरून ३५३ मिलिग्रॅमवर येते. नवखा मनुष्य कॅल्शियम कमी आहे म्हणून कॅल्शियम ओततो. अल्ब्युमिन न पाहता सीरम कॅल्शियमचा अर्थ लावण्यासारखेच ते. आधी क्षारता पाहावी, ती सुधारावी आणि मगच इतर घटकांचे निदान करावे.

नित्याची व्यवस्था

बाष्पीभवन हा या साऱ्याचा मूळ शत्रू. सुरतेचा मे महिना चाळीस अंशांपर्यंत जातो. पाणी थंड राहावे म्हणून आपण पेटीवर पंखा लावतो आणि वाफ आणखी वाढते. वातानुकूलित खोलीतील कोरडी हवाही पाणी ओढते. दोनशे लिटरच्या पेटीतून दररोज चार लिटर पाणी गेले आणि आठवडाभर कोणी पाहिले नाही, तर क्षारता ३५ वरून जवळजवळ ४१ वर जाते. पावसाळ्यात हेच प्रमाण निम्म्यावर येऊ शकते. म्हणून ‘रोज अमुक लिटर’ असा ठोक नियम करू नये. पेटीच्या काचेवर पट्टी चिकटवून पातळीची खूण करावी आणि दररोज त्या खुणेपर्यंत शुद्ध, गोडे पाणी भरावे. वाफ झालेल्या पाण्याच्या जागी गोडे पाणी. काढून टाकलेल्या पाण्याच्या जागी खारे पाणी. हे दोन नियम मोठ्या अक्षरांत लिहून पिंपांवर चिकटवावेत. मी आता निळ्या आणि पांढऱ्या रंगाची पिंपे ठेवली आहेत.

पातळी राखणारे स्वयंचलित यंत्र सोयीचे असते. पण त्याचा तरंगता खटका अडकला तर अनर्थ ओढवतो. साठ्यातील चाळीस लिटर गोडे पाणी एकदम आत गेले, तर दोनशे लिटरची क्षारता २९ वर येते. उपाय सोपा आहे. साठ्याचे पिंपच लहान ठेवावे, आठ-दहा लिटरचे. मग यंत्र बिघडले तरी नुकसानीला मर्यादा राहते. सलाईनच्या ठिबकेवर लहान मुलांसाठी आपण मोजनळी लावतो, तीच ही युक्ती.

क्षारता बिघडली तर सुधारणा दिवसाला एक-दीड दरहजारीपेक्षा अधिक नको. ३२ वर आलेली पेटी ३५ वर न्यावयाची असेल, तर तूट २०० गुणिले ३, म्हणजे ६०० ग्रॅम क्षार. हिशेब सोडियमच्या तुटीसारखाच सरळ आहे. तो तीन-चार दिवसांत विभागून, वाफेच्या भरपाईत थोडे अधिक खारे पाणी घालीत पुरा करावा. क्षारता वाढविताना अधिकच सावकाश जावे, कारण माशालादेखील उतरण सोसते, पण चढण सोसत नाही.

या उतरणीचा एक उपचारही आहे. सागरी माशांना होणाऱ्या पांढऱ्या ठिपक्यांच्या परोपजीवी रोगात, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑनमध्ये, मासे निराळ्या पेटीत ठेवून क्षारता टप्प्याटप्प्याने १४ दरहजारीच्या आसपास आणतात व काही आठवडे तेथेच ठेवतात. पाणी माशाच्या रक्ताच्या जवळ आल्यामुळे त्याच्या कल्ल्यांचा भार हलका होतो आणि परोपजीवीचे चक्र तुटते. मात्र हा उपचार मुख्य पेटीत केला, तर प्रवाळ एकही उरणार नाही.

आपल्या हातांची आणि विवेकाची काळजी

डॉक्टरांच्या स्मरणिकेत दोन इशारे दिल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. पेटीत हात घालणाऱ्याच्या बोटावर न भरणारी, हळूहळू वर सरकणारी गाठ दिसली, तर मायकोबॅक्टेरियम मरायनमची शंका घ्यावी आणि रुग्णाला माशांच्या पेटीविषयी विचारावे. झोअँथिड जातीच्या काही प्रवाळसदृश जीवांत पॅलिटॉक्सिन हे अतितीव्र विष असते. असे जीव चिकटलेला खडक उकळू नये, घासू नये. त्याच्या वाफेने घरातील माणसे आजारी पडल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. हातमोजे आपल्याकडे असतातच. ते येथेही वापरावेत.

दुसरा इशारा कायद्याचा आणि विवेकाचा. प्रवाळखडक बांधणारे सर्व कठीण प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे छत्र मिळालेले आहे, समुद्रघोड्यांनाही. आपल्या समुद्रातून तोडून आणलेला प्रवाळ कोणी कितीही स्वस्तात देऊ केला, तरी तो घेऊ नये. माझ्या पेटीत जे आहेत ते मऊ प्रवाळ आणि त्यांची येथेच वाढलेली रोपे. मुलांना समुद्र दाखवावयाचा असेल, तर सुरत महानगरपालिकेने २०१४ साली पाल येथे उभारलेले जगदीशचंद्र बोस मत्स्यालय आहे, ओहोटीच्या वेळेचे नरारा आणि पिरोटन आहे, आपल्या सिंधुदुर्गातील मालवण आहे. पेटी घेण्याआधी हे सारे पाहावे आणि रोज दहा मिनिटे देण्याची तयारी असेल, तरच पुढचे पाऊल टाकावे. बंद पेटीतील जीवाला दुसरा समुद्र नसतो. त्याच्यासाठी आपण राखू तेवढेच पाणी हे सगळे जग असते.

माझ्या प्रतीक्षाकक्षात दुपारच्या वेळी गिरणीतील कामगारांची मुले पेटीच्या काचेला नाक लावून उभी राहतात. खान्देशातून आलेल्या यांपैकी कित्येकांनी समुद्र पाहिलेला नाही. एका मुलाने एकदा विचारले, “डॉक्टरसाहेब, हे पाणी खरंच खारं आहे का?” मी त्याच्या बोटावर एक थेंब ठेवला. त्याने तो चाखला, तोंड वाकडे केले आणि पुन्हा हात पुढे केला. त्या दिवशी वहीत नोंद होती: ३५, तापमान २६, पाणी तीन लिटर, गोडे. गेली काही वर्षे ही नोंद मी दररोज सकाळी पहिला रुग्ण आत येण्यापूर्वी करतो. ज्या दिवशी ती चुकते, त्या दिवशी इतर कामांतही काहीतरी राहून गेले आहे असे वाटत राहते आणि शोधले तर बहुधा ते सापडतेही.